विषय: चॅपलटाउन रोडवरची घुमटवाली नृत्यशाळा (आणि गणपतीचा नाच)

प्रेषक: मुग्धा

नमस्कार मंडळी,

दोन गोष्टी विचारायच्या होत्या. आमच्या ईराने जाहीर केलंय की भरतनाट्यम पुरे, आता कंटेम्पररी शिकायचं. इथे लीड्सच्या चॅपलटाउन रोडवर हिरव्या घुमटाची इमारत आहे ना, तिथे नृत्यशाळा आहे एवढंच मला ठाऊक. बाहेरून मशिदीसारखी दिसते. तिथे लहान मुलांना घेतात का? शाळा कशी आहे? आजी भारतातून रोज फोनवर विचारतेय, "हे कंटेम्पररी म्हणजे नक्की काय गं?" आणि माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरं, गणपतीला मुलांचा नाच यंदा कोण घेणार?

मुग्धा

---

प्रेषक: प्रसाद

मशीद नाही, ज्यूंचं सिनेगॉग होतं. पुढचं श्रीनिवासकाकांना विचार, ते त्या भागात राहिलेत. नाचाचं म्हणशील तर मागच्या वर्षीसारखीच गाण्यांची मेडली करू. सगळ्यांना आवडली होती.

प्रसाद (मंडळाच्या सचिवपदावरून अजून सुटका न झालेला)

---

प्रेषक: श्रीनिवासकाका

मुग्धा,

सिनेगॉगच. लीड्सचे ज्यू आधी शहराला लागून लेलँड्समध्ये दाटीवाटीने राहत. बरे दिवस आले तसे चॅपलटाउनला सरकले, आणि १९३२ मध्ये हे न्यू सिनेगॉग उघडलं. पुढे तीही कुटुंबं मूरटाउनच्या बाजूला गेली. त्यांच्या घरांत कॅरिबियन बेटांवरून आलेले लोक आले, आपले शीख आले. प्रार्थनेला माणसं उरली नाहीत आणि वास्तू नॉर्दर्न स्कूल ऑफ कंटेम्पररी डान्सकडे गेली. प्रार्थनेच्या दालनात आज रायली थिएटर आहे. एकदा आत जाऊन वर बघ, जमलं तर प्रयोगाच्या दिवशी.

पण शाळेचा उगम शोधायचा तर घुमट सोडून हेअरहिल्स मिडल स्कूलमध्ये जायला हवं. मी जिमीज हॉस्पिटलला नोकरीत असताना त्याच भागात राहायचो. साधी सरकारी शाळा, गल्लीगल्लीतून लाल विटांची घरं, मुलं जगभरातून आलेली. तिथे नदीन सीनियर नावाच्या बाई पीटी शिकवायच्या, पुढे त्याच मुख्याध्यापिका झाल्या. त्यांनी पीटीत नाच आणला. मुलींसाठीच नव्हे, मुलग्यांसाठीही.

हा नाच कुठल्या गाण्यावर घोटून घ्यायचा नसे. त्याच्या मागे रुडॉल्फ लाबान हा नृत्यविचारक. जर्मनीत नावारूपाला आलेला, नाझींशी फाटल्यावर इंग्लंडला आलेला. १९४६ साली मँचेस्टरला त्याचा स्टुडिओ निघाला आणि तिथून शिकलेल्या शिक्षकांमार्फत त्याची पद्धत इथल्या शाळांत पसरली. तो हालचालीकडे चार बाजूंनी बघायचा : वजन, वेळ, अवकाश आणि ओघ. शिक्षक म्हणणार, "जड पावलांनी, सावकाश, वाकड्या वाटेने त्या कोपऱ्यापर्यंत जा. आता तेच हलक्या अंगाने आणि झटकन." मग दोघादोघांनी मिळून स्वतःचा तुकडा रचायचा. चूक-बरोबर ठरवायला समोर आरसा नाही. आजीला फोनवर हे सांग, "आधुनिक नृत्य" म्हणून सांगण्यापेक्षा पटकन कळेल.

या वर्गातून काय निघालं ते बघ. दर्शनसिंग भुल्लर हा पंजाबात जन्मलेला, लीड्समध्ये वाढलेला मुलगा तिथलाच. जन्म १९६१ चा, म्हणजे त्याची मिडल स्कूल सत्तरीच्या सुरुवातीची. पुढे तो लंडनला गेला, लंडन कंटेम्पररी डान्स स्कूलमध्ये. (ती शाळा १९६६ ची. काढणारा रॉबिन हॉवर्ड. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही पाय गमावलेला माणूस, हॉटेलवाला. त्याने १९५४ साली लंडनमध्ये मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीचा प्रयोग पाहिला आणि पुढे आपला पैसा या नाचात ओतला. याच्यावर कधीतरी वेगळी मेल लिहीन, नाहीतर आज थांबणार नाही.) भुल्लर लंडन कंटेम्पररी डान्स थिएटर या नृत्यकंपनीतला मोठा नर्तक झाला.

१९८१ मध्ये लिओ हॅमिल्टन, डॉनल्ड एडवर्ड्स आणि विल्मोर जेम्स या सीनियरबाईंकडेच शिकलेल्या लीड्सच्या तीन काळ्या तरुणांनी फिनिक्स डान्स कंपनी काढली. पहिली काही वर्षं सगळे पुरुषच, बायका १९८९ पासून आल्या. त्यांतली एक शॅरन वॉटसन. ती २००९ पासून फिनिक्सची कलादिग्दर्शक होती, २०१८ मध्ये कॅरिबियनमधून आलेल्या लोकांवरचा 'विंडरश' हा प्रयोग तिने केला, आणि २०२० पासून तुझ्या घुमटवाल्या शाळेची प्रमुख झाली. मधल्या काळात, २००२ ते २००६, भुल्लरही फिनिक्सचा प्रमुख होता. म्हणजे माणसं फिरून फिरून याच वाटेवर येतात.

इथे एक गैरसमज नेहमी ऐकतो. १९८१ च्या जुलैत चॅपलटाउनमध्ये दंगल झाली, म्हणून सरकारने पोरांना गुंतवायला नाच दिला, असं सांगणारे भेटतात. तारखाच बघा ना. दंगल झाली तेव्हा भुल्लर शिकून, लंडन गाठून बसलेला होता. वर्ग आधीच वर्षानुवर्षं चालू होता. बातमीत तो नव्हता, इतकंच.

सीनियरबाईंनी घुमटवाली शाळा काढली ती १९८५ मध्ये. तोवर नाचात पुढे जायचं तर घर सोडून लंडन, आणि हेअरहिल्समधल्या किती घरांना ते झेपणार?

आता मेडलीबद्दल. प्रसाद, राग मानू नकोस. आपल्याला ऑगस्टात जाग येते. मग यूट्यूबवरचा नाच समोर ठेवून मुलांना रांगेत उभं करायचं, पहिल्या रांगेत कोणाची मुलगी यावरून आयांचे रुसवे काढायचे, आणि कार्यक्रम संपला की पुढच्या ऑगस्टपर्यंत सामसूम. त्यात मुलांनी स्वतः काय रचलं? माझं म्हणणं : यंदा मेडली नको. हॉलचे तेच पैसे वर्षभर आठवड्याला एक तास घालवू. मुलगे-मुली सगळे. आणि पहिलं वर्ष स्टेज अजिबात नाही.

श्रीनिवास

---

प्रेषक: स्वाती

काका,

सगळं वाचलं आणि आवडलंही. पण एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. हेअरहिल्सचा वर्ग शाळेच्या वेळात होता, बाईंना पगार होता, हॉल फुकट होता, आणि मुलांना पळून जायची सोय नव्हती. माझा भरतनाट्यमचा वर्ग रविवारी दुपारी असतो. कुणाचं पोहणं, कुणाचा वाढदिवस, कुणाचा इलेव्हन प्लस या प्रवेशपरीक्षेचा क्लास. स्टेज आहे म्हणून तर मुलं येतात! स्टेज काढून घेतलं तर नोव्हेंबरपर्यंत मी आणि टेपरेकॉर्डर, दोघंच उरू.

मुग्धा, ईराचं शिक्षण फुकट जाणार नाही, पण पहिले काही महिने तिला त्रास होईल. आपली अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर, पाठ ताठ, जमिनीवर जोरात पाय. ग्रॅहमच्या पद्धतीत पोट आत ओढून पाठीचा कणा वाकतो, आणि बराचसा भाग जमिनीवर बसून, लोळून, पडून उठून. ज्या जमिनीला आपण वर्ग सुरू करताना नमस्कार करतो, तिच्यावर कोसळायला आपल्या मुलींना आधी धीर होत नाही. एकदा झाला की मात्र ताल आणि नजर यांत त्या पुढे असतात. अक्रम खान या नर्तकाचंच बघ. लहानपणापासून प्रताप पवारांकडे कथक, आणि नंतर याच लीड्सच्या शाळेत कंटेम्पररी. त्याने कथक सोडलं नाही. तेव्हा "भरतनाट्यम पुरे" हे वाक्य ईराला जरा पुन्हा बोलून बघायला सांग. (हो, यात माझा स्वार्थ आहे.)

मुलांसाठी तिथे सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड ट्रेनिंग आहे. ऑडिशन असते. त्यात किती शिकलंय यापेक्षा शिकण्याची कुवत बघतात, आणि पालकांच्या उत्पन्नाप्रमाणे फीत सरकारी मदत मिळते. ऑडिशनचं तिला जड वाटत असेल तर चॅपलटाउनमध्येच आरजेसी डान्स आहे, रेगे, जॅझ, कंटेम्पररी. १९९३ मध्ये निघाली, काढणाऱ्यांत फिनिक्सचे जुने लोक होते. तिथलं वातावरण मोकळं आहे.

स्वाती

---

प्रेषक: मुग्धा

काका, स्वातीताई, मनापासून आभार. ईराला दोन्ही मेल वाचून दाखवल्या. भुल्लरचं ऐकून तिचा पहिला प्रश्न, "मुलगे पीटीत नाचायचे आणि त्यांना कोणी हसायचं नाही?" याला काय सांगू?

आजीला "वजन, वेळ, अवकाश, ओघ" सांगितलं. ती म्हणाली, मग फुगडीत दुसरं काय असतं.

---

प्रेषक: श्रीनिवासकाका

हसत असणारच. पण सगळाच वर्ग नाचतोय म्हटल्यावर हसणाऱ्याचीही पाळी येतेच. म्हणून तर मी "मुलगे-मुली सगळे" म्हणतोय. आपल्या मंडळात मुलगा नाचात दिसतो तो फक्त शिवाजी महाराज म्हणून, तोही खुर्चीवर बसलेला.

स्वाती, पगाराचा मुद्दा मान्य. मग पगार देऊ. वर्गणीतून थोडा, उरलेला माझ्यासारख्या निवृत्तांकडून. आरजेसी किंवा फिनिक्सकडे शिकवणारी तरुण माणसं असतातच, त्यांना विचारायला काय हरकत आहे? फिनिक्स २०१० पासून क्वारी हिलला नॉर्दर्न बॅलेच्याच इमारतीत आहे, बस स्टेशनपासून दोन मिनिटं. मी जाऊन येतो.

पण स्टेजबद्दल मी हटणार नाही.

---

प्रेषक: स्वाती

मीही नाही. गणपतीला पाच मिनिटं तरी द्याच, मुलांनी स्वतः रचलेलं दाखवायला. मेडली नाही, कपडे भाड्याने नाहीत, रांगा नाहीत. एवढं चालेल का काका?

---

प्रेषक: प्रसाद

मेडलीची हत्या झालेली दिसते. असो.

रविवारच्या समितीच्या बैठकीत विषय घेतो : (१) साप्ताहिक वर्ग, बाहेरचा शिक्षक, मानधन किती, (२) गणपतीला पाच मिनिटं, काकांचा विरोध नोंदवून. हॉलवाले शनिवारी सकाळची वेळ द्यायला तयार नाहीत, संध्याकाळी पाचनंतर देतात. ज्यांची मुलं येणार असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत नाव आणि वय मला वेगळ्या मेलने कळवा. कृपया "रिप्लाय ऑल" करू नका. मुलग्यांची नावंही हवीत, माझ्या दोघांची मी घातली आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही.