मदत हवी आहे: एचडीएमआय पोर्ट बदलला, तरी टीव्हीवर चित्र नाही

गेम कन्सोल सुरू होतो, पंखा फिरतो, कंट्रोलर जोडला जातो. टीव्ही मात्र 'सिग्नल नाही' म्हणतो. जुन्या पोर्टच्या पिना वाकल्या होत्या, म्हणून हॉट एअरने (सोल्डर वितळवणाऱ्या गरम हवेने) नवा पोर्ट बसवला. केबल आणि टीव्ही दुसऱ्या उपकरणावर नीट चालतात, तेव्हा तो सल्ला कृपया नको.

मीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला, काळा पिनवर, कन्सोलची वायर अर्थातच काढून. डेटा आणि क्लॉकच्या आठपैकी सात पिनांवर ०.३६-०.३७ व्होल्ट येतं. ७ नंबरच्या पिनवर ओएल, म्हणजे जोडणीच तुटलेली. २, ५, ८, ११ या शील्डच्या पिना, तिथे शून्य, ते ठीकच. कन्सोल चालू केल्यावर १८ नंबरला ५ व्होल्ट मिळतात.

पोर्टमागे चार-चार पायांचे बारीक फिल्टर आहेत. ७ आणि ९ च्या फिल्टरला, ७ च्या रेषेवर, चित्राचा सिग्नल देणाऱ्या चिपच्या बाजूच्या पायावर ०.३६ आणि पोर्टच्या बाजूला ओएल. म्हणजे चिप बहुधा शाबूत, फिल्टरच गरम हवेने आतून तुटला असावा. फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा लेप) लावून फिल्टरला सोल्डरचा टाका पुन्हा दिला. भिंगातून छान चकाकतो, रीडिंग मात्र तेच.

फिल्टर काढून दोन्ही रेषा ०.१ मिमी इनॅमल तारेने थेट जोडल्या, तर ४के ६० हर्ट्झला चित्र टिकेल का? की हा उपाय चाचणीपुरताच? आणि दुसऱ्या मॉडेलच्या बोर्डवरचा त्याच मापाचा फिल्टर चालतो का?