सेकंडहँड लिव्हिंग क्वार्टर्सवाला हॉर्स ट्रेलर घ्यायचाय, बघायला जाताना नक्की काय काय तपासू?

खोगीर:
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत असतो, घरचे दोन घोडे आहेत, एक क्वार्टर हॉर्स गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा) आणि एक वॉर्मब्लड घोडी. लेक शोजना जाते, आणि दरवेळी घोडे तिकडे स्टॉलमध्ये आणि आपण कुठेतरी लांब हॉटेलात, रात्री घोड्याच्या पोटात दुखायला लागलं तर कळणार कसं याची काळजी, हे आता तिलाही नको झालंय आणि मलाही. म्हणून लिव्हिंग क्वार्टर्सवाला, म्हणजे घोड्यांच्या पुढे माणसांना राहायची खोली असलेला, वापरलेला ट्रेलर शोधतोय. एक पसंत पडलाय, २०१३ चा, अ‍ॅल्युमिनियम, गूजनेक (ट्रकच्या हौद्यातल्या हिचला जोडायचा), तीन घोड्यांचा स्लँट लोड (घोडे तिरके उभे राहतात), ८ फुटी शॉर्ट वॉल (राहायच्या खोलीच्या आखूड भिंतीची लांबी), आत छान किचन, शॉवर, एसी, वर क्वीन बेड, फोटो बघून घरचे सगळे खूश आहेत. विकणारे म्हणतात जीव्हीडब्ल्यूआर १४,००० पाउंड आहे आणि तुमचा थ्री क्वार्टर टन वर्गातला डिझेल ट्रक आरामात ओढेल. पुढच्या शनिवारी बघायला जायचंय. साधा ट्रेलर आम्ही बरीच वर्षं वापरतोय पण हे राहायच्या सोयीचं प्रकरण पहिल्यांदाच घेतोय. काय बघू, कुठे फसायला होतं, प्लीज सविस्तर सांगा.

रिकीब:
खोगीर दादा, किचन आणि बेड सगळ्यात शेवटी बघा. आधी कागद पेन घेऊन वजन मांडा, कारण "ट्रक आरामात ओढेल" हे वाक्य प्रत्येक विकणारा म्हणतो आणि ओढणं हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो पेलणं आणि थांबवणं.

जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे ट्रेलर स्वतः अधिक त्यात भरलेलं सगळं मिळून जास्तीत जास्त किती. आता ८ फुटी शॉर्ट वॉलचा तीन घोड्यांचा ट्रेलर रिकामाच १०,००० च्या आसपास किंवा थोडा वर जातो कारण फर्निचर, एसी, टाक्या, जनरेटर हे सगळं नंतर आत बसवलेलं असतं. समजा १०,४०० आहे. दोन घोडे १,२०० चे धरले तर २,४००. पाण्याची टाकी ३० गॅलनची भरून नेलीत तर गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे २५० झाले. मग गवत, खाद्य, खोगिरं, गॅस सिलिंडर, तुमचे कपडे, किराणा, मॅट्स, हे हजाराच्या घरात सहज जातं. बेरीज करा, १४,०५०. म्हणजे तीन घोड्यांचा म्हणून विकला जाणारा ट्रेलर दोन घोड्यांतच भरला, तिसरा चढवायला कायद्याने जागाच नाही. हे आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुम्ही खरे मिळवा. विकणाऱ्याला सांगा की एकदा ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर रिकामा ट्रेलर नेऊन पावती दे. ब्रोशरमधलं वजन धरू नका, ते बऱ्याचदा आतलं काम व्हायच्या आधीच्या सांगाड्याचं असतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गूजनेकचं साधारण २० ते २५ टक्के वजन ट्रकच्या मागच्या एक्सलवर येतं. १४,००० चे २,८०० ते ३,५०० झाले. तुमच्या ट्रकचा ड्रायव्हरचा दरवाजा उघडा, तिथे टायरच्या माहितीचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर नको ते लिहिलेलं असतं. डिझेल थ्री क्वार्टर टनला इंजिनच जड असल्याने हा आकडा वाटतो त्यापेक्षा बराच कमी निघतो. तो आकडा इथे टाका, मग पुढचं बोलू.

पागावाली:
रिकीब यांनी वजनाचं सांगितलंच आहे, मी खालचं सांगते, कारण घोडा उभा राहतो तो फ्लोअरवर.

ताईंना किंवा लेकीला सोबत न्या आणि मागच्या सगळ्या मॅट्स उचलायला लावा. एखादा कोपरा वर करून दाखवतील, तेवढ्यावर थांबू नका, सगळ्या बाहेर काढायच्या. जड असतात, लोक टाळाटाळ करतात, "आत्ताच धुतलंय" म्हणतात. जो उचलू देत नाही त्याचा ट्रेलर घ्यायचा नाही, माझा तरी हा नियम आहे. अ‍ॅल्युमिनियमला लाकडासारखी कीड नसते म्हणून लोक निर्धास्त राहतात पण मूत मॅटखाली साचून राहिलं की अ‍ॅल्युमिनियमसुद्धा खातं. पांढरी भुकटी दिसेल, नखाने खरवडली की खाली बारीक बारीक खड्डे दिसतील. नुसते डाग असतील तर चालतं, खड्डे खोल असतील किंवा वेल्डच्या कडेला चिरा असतील तर नको. आणि कुठे बघायचं तेही सांगते, घोडी मागच्या पायांच्याही मागे मुतते आणि गेल्डिंग पोटाखाली मधोमध, त्यामुळे स्लँट लोडमध्ये घोड्यांची ढुंगणं ज्या बाजूच्या भिंतीकडे येतात तो कोपरा आणि स्टॉलचा मध्य हे दोन्ही नीट बघा. लाकडी फळ्या असल्या तर मोठा स्क्रूड्रायव्हर घेऊन कडेला आणि चाकांच्या वरच्या भागात जोर लावून टोचा, आत घुसला तर फळी गेलेली आहे. मग टॉर्च घेऊन ट्रेलरखाली आडवं पडा, जुने कपडे घालून जा, आणि आडवे क्रॉसमेंबर एकेक करून बघा. फ्लोअर वरून चांगला आणि खालचा आधार गेलेला असंही असतं. स्टीलचे बोल्ट किंवा पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमला जिथे थेट चिकटलेल्या आहेत तिथे गंज आधी धरतो.

टायरचा ट्रेड बघून फसू नका, ट्रेलर उभाच जास्त असतो त्यामुळे ट्रेड नव्यासारखा आणि रबर म्हातारं. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे बघा, १८१६ असेल तर २०१६ च्या १८ व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांच्या वर गेलेले टायर मी घोडे घालून रस्त्यावर नेत नाही, मग ते कितीही सुंदर दिसोत. स्पेअरचाही नंबर वाचा, तो बहुतेक वेळा मूळचाच असतो. टायर बदलायचे ठरले तर दोन एक्सलच्या ट्रेलरला १४,००० साठी प्रत्येक टायरवर ३,५०० येतात हे डोक्यात ठेवून तेवढं वजन पेलणारी लोड रेंज घ्या.

ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर ट्रकपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा) पिन ओढून बघा. ट्रकचा प्लग काढलेला असताना पिन ओढली की ट्रेलरची चाकं जागच्या जागी धरली गेली पाहिजेत, ट्रक हळूच पुढे घेऊन बघितलं की लगेच कळतं. नाही धरली तर छोटी बॅटरी मेली असेल, ते स्वस्तातलं काम, किंवा वायरिंग आणि मॅग्नेट गेले असतील, ते नाही. बघून झालं की पिन लगेच परत बसवा, नाहीतर बॅटरी उतरते. चाकांच्या बेअरिंगमध्ये ग्रीस कधी भरलं विचारा, वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना करतात, आणि पावती मागा.

खोगीर:
बापरे, दोघांचे खूप आभार, हे सगळं मी प्रिंट काढून नेणार आहे. ट्रकचं स्टिकर बघितलं, २,३१० पाउंड लिहिलंय. म्हणजे रिकीबजी, तुमच्या हिशेबात हा ट्रक या ट्रेलरला पुरत नाही असंच ना? विकणारे तर म्हणतात सगळे असेच नेतात. आणि आतल्या राहायच्या भागाचं कोणी सांगाल का, पाणी गळतं वगैरे ऐकलंय, ते फोटोत दिसत नाही.

रिकीब:
नाही पुरत. २,३१० मधून तुम्ही तिघं आणि ट्रकच्या हौद्यात बसवलेला हिच यांचं वजन आधी वजा होणार, मग उरले सतराशे अठराशे, आणि वरून येणार कमीत कमी २,८००. सगळे नेतात म्हणून मागचा एक्सल आणि मागचे टायर मोठे होत नाहीत. एक टनी वर्गातला ड्युअली (मागच्या एक्सलला चार चाकं असलेला ट्रक) असेल तर हाच ट्रेलर ठीक आहे. ट्रक बदलायचा नसेल तर ट्रेलर लहान शोधा, दोन घोड्यांचा, ४ ते ६ फुटी शॉर्ट वॉल. आणि मोठा ट्रक घेणार असाल तर अजून एक, ट्रक आणि ट्रेलरची रेटिंग मिळून २६,००० पाउंडांच्या वर गेली तर काही राज्यांत घरगुती वापरालाही वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं, डीएमव्हीत (राज्याच्या वाहन खात्यात) आधी विचारून घ्या.

माळरान_७:
आतल्या भागाचं मी सांगतो, आम्ही अशाच ट्रेलरमध्ये सीझनभर राहतो.

फोन करून आधीच सांगून ठेवा की फ्रिज आदल्या रात्री चालू करून ठेवा, ट्रेलर सपाट जागेवर उभा करून. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो, तुम्ही गेल्यावर चालू केला तर काहीच कळणार नाही. आणि वीज जोडलेली ठेवा, टाकीत पाणी भरलेलं ठेवा. "विंटराइज केलंय (थंडीसाठी पाणी काढून ठेवलंय), पाणी चालू करता येणार नाही" म्हणाले तर सौदा वसंतापर्यंत थांबवा किंवा त्यांना पाणी भरायलाच लावा, कारण थंडीत पाइपात पाणी राहून पाइप फुटलेले असतात आणि ते फक्त पाणी सोडल्यावरच कळतं.

पाण्याची परीक्षा अशी. पंप चालू करा, सगळे नळ एकदा सोडा, गरम गार दोन्ही, शॉवर, टॉयलेट, मग सगळं बंद करा. पंप थोडा घरघरून गप्प बसेल. आता दहा मिनिटं कोणी काही बोलू नका आणि फक्त ऐका. नळ बंद असताना पंप मध्येच आपोआप टर्र करून चालू झाला तर कुठेतरी पाणी जातंय. तेवढ्या वेळात सिंकखालची कपाटं, टॉयलेटच्या मागचा कोपरा, वॉटर हीटरच्या आसपास कोरडा टिश्यू पेपर फिरवा. हीटरमध्ये पाणी भरल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू देऊ नका, एलिमेंट जळतं.

पण पाइपपेक्षा छपराचं गळणं वाईट. शिडी मागा आणि वर चढून बघा, एसीच्या भोवती, व्हेंटभोवती, आणि मुख्य म्हणजे छपरावरच्या गवताच्या रॅकचे पाय जिथे छपराला बोल्ट केलेत तिथलं सीलंट. तडे गेलेलं, सुटलेलं, किंवा उलट एकाच जागी नवं कोरं थापलेलं असेल तर विचारा की इथे काय झालं होतं. मग आत बेडच्या कोपऱ्यात, गूजनेकच्या नाकाच्या बाजूला गादी उचला आणि खालची प्लायवूड तळहाताने दाबत जा. पाणी गळून गळून तिथेच जमतं. मऊ लागली, फुगलेली वाटली, वास आला, तर समजा की भिंतीच्या आत किती सडलंय ते कोणालाच माहीत नाही. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते घेऊन गेलात तर खिडक्यांच्या खालच्या कडा आणि शॉवरच्या शेजारची भिंत नक्की तपासा. दार उघडल्या उघडल्या एअर फ्रेशनरचा घमघमाट आला तर सगळ्या खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर गप्पा मारा, मग परत आत जा.

राहायची खोली आणि घोड्यांचा भाग यांच्यामधलं दार घट्ट बंद होतंय का, खालची रबरी पट्टी आहे का बघा. नाहीतर रात्रभर अमोनियाचा वास. जनरेटरचा धूर घोड्यांच्या खिडक्यांकडे किंवा तुमच्या व्हेंटकडे जात नाही ना ते जनरेटर चालू करून पाहा, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसचा अलार्म यांच्यावर तारीख असते, मुदत संपलेली असेल तर आपले नवे बसवूनच पहिली रात्र झोपा.

पागावाली:
एक राहिलं. खोगीर दादा, वॉर्मब्लड घोडी किती हँड्सची (एक हँड म्हणजे ४ इंच) आहे? १६.२ च्या वर असेल तर ७ फूट उंचीत ती मान वर करू शकत नाही, ७ फूट ६ इंच तरी बघा, आणि टेप घेऊन आतून मोजा. स्लँटमध्ये लांब घोड्याचं तोंड एका भिंतीला आणि शेपूट दुसऱ्या भिंतीला टेकतं, आणि पहिल्या स्टॉलमध्ये मँजर (तोंडापुढची खाद्याची गव्हाण) असला तर पायाला जागा अजून कमी. घोडी चढवून बघू द्यायला ते तयार असतील तर उत्तम. मागचा टॅक (खोगिरं ठेवायचा कप्पा) घडी होणारा आहे का तेही बघा, नाहीतर मागची वाट अर्धी बंद होते आणि रस्त्यात काही झालं तर घोडे काढायला तेवढीच फट राहते.

कागदपत्रांचं, ट्रेलरच्या चौकटीवरचा व्हीआयएन (ओळख नंबर) आणि टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं, २०१३ असेल तर तिथे डी. टायटलवर बँकेचं लीन (कर्जाचा बोजा) असेल तर ते सुटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि प्रत्यक्ष बघायच्या आधी "फक्त होल्ड करायला" म्हणून टोकन मागितलं तरी नाही.

खोगीर:
घोडी १६.३ आहे आणि जाहिरातीत उंची ७ फूटच लिहिलीय. म्हणजे ट्रकही पुरत नाही आणि घोडीही मावत नाही. लेक थोडी खट्टू झाली पण घोडीचं ऐकल्यावर तीच म्हणाली बाबा हा नको. आता दोन घोड्यांचा, ७ फूट ६ इंचांचा, लहान शॉर्ट वॉलचा शोधायला घेतलाय. एक बंपर पुल (ट्रकच्या मागच्या बंपरखालच्या हिचला जोडायचा) दिसतोय, आत नुसता बेड, छोटं सिंक आणि पोर्टेबल टॉयलेट आहे, शॉवर नाही. शोच्या मैदानावर शॉवर असतात, त्यामुळे ते चालेल. त्याचं हिचवरचं वजन कसं धरायचं?

रिकीब:
बंपर पुलला १० ते १५ टक्के धरा. ७,५०० भरला तर ७५० ते १,१२५, म्हणजे तुमच्या २,३१० मध्ये माणसांसकट बसतं. ट्रकच्या हिचवरही एक प्लेट असते, वजन वाटणाऱ्या हिचशिवाय किती आणि त्याच्यासकट किती असे दोन वेगळे आकडे असतात, ते दोन्ही वाचा. विकणाऱ्याकडून ट्रेलरच्या पुढच्या बाजूचं जीव्हीडब्ल्यूआरचं स्टिकर, एक्सलवरची प्लेट आणि वजनकाट्याची पावती, तिन्हीचे फोटो मागवा. आले की इथेच टाका, बेरीज मी करून देतो, मगच गाडी काढा.