फॅरामिरला अंगठीचा मोह पडायला हवा होता का?

पश्चिमवारा:

टॉल्कीन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी १९५४-५५ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि पीटर जॅक्सन यांनी तिच्यावर केलेले तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले. हे चित्रपट मी मनापासून पाहिले आहेत आणि पुस्तकातून काय गाळले याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. टॉम बॉम्बाडिल हे पात्र गाळावे लागले, हे मी समजू शकते. मात्र दुसऱ्या चित्रपटात फॅरामिरचे जे केले आहे, ते मला इतक्या वर्षांनंतरही पटलेले नाही. एखादे पात्र गाळणे वेगळे आणि त्याला ठेवून त्याचा कणाच काढून घेणे वेगळे.

ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगते. सर्वनाश घडवू शकणारी अंगठी नष्ट करण्यासाठी फ्रोडो आणि सॅम शत्रूच्या मुलखाकडे निघाले असताना इथिलियनच्या रानात गॉन्डॉर राज्याचा सेनानी फॅरामिर त्यांना गाठतो. त्याचा थोरला भाऊ बोरोमिर याच अंगठीच्या मोहाने फ्रोडोवर चालून गेला होता. धबधब्यामागच्या गुप्त गुहेत जेवणे होतात, बोलणे रंगते आणि बोलता बोलता सॅमच्या तोंडून अंगठीची गोष्ट निसटते. गुहेत एकदम शांतता पसरते. फॅरामिर उठून उभा राहतो, त्याचे करडे डोळे चमकतात, आणि फ्रोडो व सॅम भिंतीला पाठ लावून तलवारीच्या मुठी चाचपू लागतात. मग फॅरामिर पुन्हा खुर्चीत बसतो, हलकेच हसू लागतो आणि तितक्याच अचानक गंभीर होतो. ही वस्तू वाटेत पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असे तो थोड्या वेळापूर्वीच म्हणालेला असतो. तेव्हा ती वस्तू नेमकी काय आहे हे त्याला माहीत नव्हते. आता ते कळल्यावर तो सांगतो की त्या शब्दांना मी शपथ मानीन आणि त्यांनी बांधलेला राहीन.

याच प्रकरणात जेवणापूर्वी फॅरामिर आणि त्याचे सैनिक पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात, आणि असा काहीच रिवाज नसलेल्या फ्रोडोला स्वतःच्या अडाणीपणाचा संकोच वाटतो. 'वदनी कवळ घेता' म्हटल्याशिवाय ज्यांच्या घरी घास उचलला जात नसे, त्यांना ते उभे राहणे लगेच ओळखू येईल. हा माणूस मोहाला का बळी पडत नाही, याचे उत्तर मला त्या स्तब्ध क्षणात मिळते. चित्रपटातला फॅरामिर मात्र दोघांना कैद करून ऑस्गिलियाथच्या भग्न नगरात घेऊन जातो, कारण अंगठी त्याला वडिलांकडे पाठवायची असते. शेवटी तो त्यांना सोडतो हे खरे, पण तोवर तो बोरोमिरच्याच वाटेने निम्मे अंतर चालून गेलेला असतो.

संकलनमेज:

तुमची तळमळ मला कळते, तरीही मी दिग्दर्शकाच्या बाजूने उभा आहे. पहिल्या चित्रपटाने प्रेक्षकाच्या मनावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बिंबवली आहे, ती म्हणजे या अंगठीपुढे कोणीही सुरक्षित नाही. जादूगार गँडाल्फ तिला हात लावायला घाबरतो, वनराणी गॅलाड्रिएल क्षणभर भयंकर रूप घेते आणि बोरोमिरचा तर त्यात बळीच जातो. असे असताना दुसऱ्या चित्रपटाच्या ऐन मध्यावर एक अनोळखी सेनानी येऊन मला ती नको म्हणाला, तर अंगठीचा सगळा धाक त्याच क्षणी ओसरला असता. वाचकाला पान खाली ठेवून विचार करता येतो आणि फॅरामिरच्या दीर्घ संभाषणातून त्याची पारख करता येते. चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला तेवढी उसंत नसते.

दुसरे कारण रचनेचे आहे आणि पटकथाकारांनी ते स्वतः सांगितलेले आहे. पुस्तकात दुसरा खंड शेलोब या महाकाय कोळिणीच्या प्रसंगाने संपतो, परंतु घटनाक्रम पाहिला तर तो प्रसंग गॉन्डॉरच्या राजधानीच्या, मिनास तिरिथच्या, वेढ्याच्या सुमारास घडतो, म्हणून तो तिसऱ्या चित्रपटात नेण्यात आला. त्यामुळे दुसऱ्या चित्रपटात फ्रोडोच्या कथेला शिखर असे काही उरलेच नाही. एकीकडे हेल्म्स डीपच्या किल्ल्याचे युद्ध पेटलेले असताना दुसरीकडे गुहेतला समंजस संवाद दाखवून चित्रपट संपवता आला नसता.

शिवाय विस्तारित आवृत्तीतला पूर्वप्रसंग आठवा. वडील डेनेथोर थोरल्या मुलाला जवळ घेतो, अंगठी आणण्याची कामगिरी त्याच्यावर सोपवतो आणि मी जातो म्हणणाऱ्या धाकट्याला झिडकारतो. त्यानंतर फॅरामिर साकारणाऱ्या डेव्हिड वेनहॅमच्या चेहऱ्यावर जे दिसते तो सत्तेचा लोभ नव्हे, एकदा तरी वडिलांनी आपल्याला मान द्यावा ही आस आहे. ती आस मागे टाकून तो अंगठी जाऊ देतो, म्हणून तो त्याग मला पुस्तकातल्या त्यागापेक्षा मोठा वाटतो.

पश्चिमवारा:

त्यागाची किंमत पुस्तकातही आहे, आणि ती जबर आहे. परवानगीवाचून इथिलियनमध्ये सापडणाऱ्या प्रत्येकाला ठार मारावे, असा हुकूम असताना तो या दोघांना सोडतो. पुढे वडिलांसमोर उभा राहून तो विचारतो की आमच्या दोघांच्या जागा बदलल्या असत्या, मी मेलो असतो आणि बोरोमिर जगला असता, तर तुम्हाला बरे वाटले असते का, आणि डेनेथोर होय म्हणतो. हा संवाद तिसऱ्या चित्रपटातही आहे. वडिलांच्या प्रेमाची आस दाखवण्यासाठी एवढे पुरेसे होते. त्यासाठी फ्रोडो-सॅमचा वाटाड्या गोलम याला मारहाण होत असताना पाहत राहणारा फॅरामिर रंगवण्याची गरज नव्हती.

सायंछाया:

मी आधी चित्रपट पाहिला आणि काही वर्षांनी मुग्धा कर्णिक यांचा मराठी अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' हाती घेतला. गुहेचे प्रकरण आले तेव्हा आता हा त्यांना बांधणार, या खात्रीने मी श्वास रोखून वाचत होते. तो हसून खाली बसला तेव्हा मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचले, कारण मधला एखादा परिच्छेद माझ्याकडून सुटला असावा असे मला वाटले. चित्रपटाने मला त्या माणसाबद्दल चुकीची ओळख करून दिली होती, आणि पुस्तक वाचले नसते तर तीच ओळख माझ्याजवळ कायमची राहिली असती.

जुनी पाने:

या वादात खुद्द टॉल्कीन यांची साक्ष काढता येते. १९५८ साली त्यांच्यासमोर एका नियोजित चित्रपटाचा आराखडा आला होता आणि त्यावर त्यांनी सविस्तर, बरेच संतप्त पत्र लिहिले. कथनकलेचे नियम माध्यमागणिक सर्वस्वी बदलत नाहीत, आणि वाईट चित्रपट बहुधा फसतात ते मूळ कृतीचा गाभा कुठे आहे हे न कळल्याने केलेल्या अतिशयोक्तीमुळे व उपऱ्या मजकुरामुळे, असा त्यांचा मुद्दा होता. ऑस्गिलियाथची फेरी हा मला अगदी तसाच उपरा मजकूर वाटतो. तिथे सॅमच्या तोंडी, खरे तर आपण इथे असायलाच नको होते, अशा अर्थाचे वाक्य आहे. पुस्तक वाचलेल्या प्रत्येकाला ते अक्षरशः खरे वाटते.

संकलनमेज:

त्याच पत्रातले आणखी एक वाक्य विसरू नका. एंट वृक्षपुरुष आणि हेल्म्स डीपच्या किल्ल्यातली लढाई या दोन्हींना पुरेसा वाव देता येत नसेल तर लढाई गाळावी, कारण ती मुख्य कथेच्या दृष्टीने गौण आहे, असे टॉल्कीन यांनी स्पष्ट लिहिले आहे. पुस्तकात ती एका प्रकरणात आटोपते. पडद्यावर मात्र ती दुसऱ्या चित्रपटाचे शिखर झाली, आणि पावसात भाल्यांचे दांडे जमिनीवर आपटणारी ती सेना पाहून ज्याच्या अंगावर काटा आला नाही असा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे. लेखकाला आपल्या कथेचा गाभा सर्वांत जास्त कळतो, हे मी मान्य करतो. पडद्यावर काय उभे राहील हेही त्यालाच सर्वांत जास्त कळते, हे मात्र मान्य करत नाही. आणि सॅमच्या ज्या वाक्याचा आपण उल्लेख केलात, त्याच्या पाठोपाठ येणारे थोर कथांबद्दलचे भाषण पुस्तकातल्या शत्रूच्या मुलखाकडे चढणाऱ्या किरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्यांवरील संवादातून घेतलेले आहे. ऑस्गिलियाथ नसते तर त्या चित्रपटाला तो शेवट मिळाला नसता.

पश्चिमवारा:

ते भाषण ऐकताना माझेही डोळे भरून येतात, आणि शेलोब पुढे नेल्यामुळे शिखराची अडचण खरोखर निर्माण झाली होती, हेही मी मान्य करते. तरीही एक गोष्ट तपासून पाहा. ६ मे १९४४ रोजी टॉल्कीन यांनी मुलाला, ख्रिस्तोफरला, लिहिले होते की एक नवेच पात्र कथेत आले आहे, मी ते योजले नव्हते, मला ते नकोही होते, पण इथिलियनच्या रानातून ते चालत आले आणि मला आवडले. पुढे त्यांनी स्वतःला वारंवार पडणारे स्वप्न, हिरव्या भूमीवर चालून येणाऱ्या प्रचंड लाटेचे, याच पात्राला दिले. पुस्तकात मिनास तिरिथच्या तटावर उभा राहून फॅरामिर ते पुढे त्याची पत्नी होणाऱ्या एओविनला सांगतो. तिसऱ्या चित्रपटाच्या विस्तारित आवृत्तीत ते स्वप्न एओविनला पडते आणि ती ते गॉन्डॉरचा भावी राजा आरागॉर्न याला सांगते. फॅरामिरकडून तेही काढून घेताना शेलोबची कोणतीच अडचण आड येत नव्हती.