शब्दचर्चा: ‘टॉर्ट रिफॉर्म’ला मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजारकर: आपल्या बडोद्याच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी भाच्याने ह्यूस्टनहून इंग्रजी लेख पाठवलाय, मराठी मी करतोय. टेक्सासने २००३ साली कायदा केला: डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे रोग्याला इजा झाली, तर वेदना आणि मनस्तापापोटी डॉक्टरकडून जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई यात धरलेली नाही. याला तिकडे ‘टॉर्ट रिफॉर्म’ म्हणतात. मी ‘टॉर्ट सुधारणा’ लिहिलं. आमच्या हिने वाचलं आणि विचारलं, “सुधारणा कुणाची, रोग्याची की डॉक्टरची?” आता पेन पुढे सरकत नाही.

वाडीकर वकील: पहिल्या शब्दाचं उत्तर सोपं आहे. टॉर्ट म्हणजे अपकृत्य. गुन्हा नव्हे, करारभंगही नव्हे. बहुतेकदा, दुसऱ्याची काळजी घेणं तुमच्यावर बंधनकारक असताना ती न घेतल्याने झालेलं नुकसान. स्कॉटलंडमधला बाटलीतल्या गोगलगाईचा खटला (निकाल १९३२) घ्या. पेयाच्या बाटलीत गोगलगाय निघाली आणि आपण आजारी पडलो, अशी एका बाईची तक्रार. बाटलीचे पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे पिणारीचा कुणाशीच करार नव्हता. तरी बाटली भरणाऱ्यावर जबाबदारी येते, असं ठरलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पिळलेलं, वाकडं. ‘वाकडं पाऊल’ म्हणतो तसंच, पण अंकात तसं छापू नका, वाचक भलतंच समजतील!

आणि शब्दांसाठी इतकं अडत असेल तर १९३१चा ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश कुठे मिळाला तर बघा. महाराजांनी आठ भाषांत करवून घेतलेला, बडोद्यातच.

रावपुऱ्याची सून: मला ‘अपकृत्य’ पटत नाही, काका. कुणीतरी मुद्दाम पाप केल्यासारखं वाटतं. आमच्याकडे नव्या कुकरचं झाकण उडालं, सासूबाईंचा हात कोपरापर्यंत भाजला. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. दुकानदार म्हणाला, “कुकर बदलून देतो.” म्हणजे नुकसान कुकरचं झालं, असं त्याचं म्हणणं! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, आणि तिथली ‘हानी’ म्हणजे माणसाला झालेली इजा, आजार, दुसऱ्या वस्तूंचं नुकसान, त्यापायी झालेला मनस्ताप. खुद्द ती वस्तू बिघडली, हे त्या हानीत येतच नाही. आमचा भरपाईचा अर्ज गुजरातीत होता, त्यात भरपाईला शब्द होता ‘वळतर’. मला तो फार आवडला. आपण हिशेबात रक्कम ‘वळती’ करतो, त्याचाच भाऊबंद दिसतो.

दांडियाबाजारकर: वळतर झकास! पण पुण्याच्या वाचकाला रस्त्याचं वळण वाटेल. भरपाईच ठेवू?

वाडीकर वकील: ठेवाच. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे सगळी रक्कम पोचल्याची पावती, भरून पावलो. (आज आपण ‘भरून पावलो’ कपाळाला हात लावून म्हणतो, तो भाग निराळा.) मग टेक्सासची अडीच लाखांवर रेघ मारलेली रक्कम पुरती भरपाई कशी? ती छाटलेली रक्कम झाली. सूनबाईंचं ‘पापासारखं वाटतं’ हेही खरं आहे, पण टॉर्टला रूढ शब्द ‘अपकृत्य’च.

दांडियाबाजारकर: लेखात ‘प्युनिटिव्ह डॅमेजेस’ आहे. दंड लिहू का?

वाडीकर वकील: नको. दंड सरकारजमा होतो. हे पैसे इजा झालेल्यालाच मिळतात, पण देणाऱ्याला जरब बसावी म्हणून. दंडात्मक भरपाई म्हणा. आपल्या जिल्हा ग्राहक आयोगालाही ती देता येते. अमेरिकेतला कॉफीचा खटला भाच्याने लिहिलाच असेल. एकोणऐंशी वर्षांच्या बाईंच्या अंगावर मॅकडोनाल्ड्सची कॉफी सांडली, त्वचा खोलवर भाजली. १९९४ साली ज्युरीने दंडात्मक भरपाईच्या खात्यात २७ लाख डॉलर ठरवले. लोक हसले, ‘कॉफीचे लाखो डॉलर!’ न्यायाधीशांनी ते ४ लाख ८० हजारांवर आणले, आणि बाईंनी आधी मागितले होते फक्त २० हजार, हे हसणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही. ‘रिफॉर्म’वाल्यांना हा किस्सा फार उपयोगी पडला.

रावपुऱ्याची सून: मग मामा, ‘सुधारणा’ खोडाच. ज्यांनी मर्यादा घातली त्यांनीच तो शब्द निवडलाय. ‘भरपाईवर मर्यादा’ लिहा, आणि ‘तिकडे याला सुधारणा म्हणतात’ असं एक वाक्य खाली.

दांडियाबाजारकर: तसंच करतो. हिलाही पटलं. आता शेवटची अडचण: भाच्याच्या ‘फाइल्ड अ क्लेम’ला मी ‘दावा मांडला’ लिहिलंय.

वाडीकर वकील: ते आपलं बडोद्याचं बोलणं, गुजरातीतून आलेलं. मराठीत बाजू मांडतात, दावा लावतात.

रावपुऱ्याची सून: आणि चिडले तर ठोकतात.