शब्दचर्चा: कॉपीराइटचे अर्ज तपासणाऱ्याला मराठीत काय म्हणावं?

शाईदौत

अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी मी एका मुलाखतीचं मराठी करते आहे. मुलाखत देणाऱ्या बाई वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या कॉपीराइट कार्यालयात वरिष्ठ तज्ज्ञ आहेत. नाटकं, गाणी, नृत्यरचना, मूकाभिनय, पटकथा यांच्या नोंदणीचे अर्ज त्यांच्याकडे येतात. पहिल्या खर्ड्यात मी ‘प्रयोगीय कलांच्या प्रताधिकार दाव्यांच्या वरिष्ठ परीक्षक’ असं लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर तिला वाटलं की या बाई नाट्यस्पर्धेत गुण देतात आणि पुढे भांडण झालं तर निकालही त्याच देतात. तिची काही चूक नाही, शब्दच तसे आहेत. ‘परीक्षक’, ‘दावा’, ‘प्रयोगीय कला’ आणि जमलं तर ‘प्रताधिकार’ यांना पर्याय सुचवाल का?

झांज

‘कॉपीराइट’ तसाच ठेवा. ‘प्रताधिकार’ विकिपीडियावर भेटतो, बोलण्यात नाही. ‘स्वामित्वहक्क’ वर्तमानपत्रांत चालतो, पण त्याच्या शेजारीच ‘स्वामित्वधन’ (रॉयल्टी) उभं आहे, आणि ते तर वाळू-मुरमाच्या खाणीवरही आकारतात. नाटकाच्या पुस्तकात ‘प्रयोगाचे व भाषांतराचे सर्व हक्क लेखकाकडे’ असं छापलेलं असतं आणि तोच लेखक बोलताना ‘कॉपीराइट माझा आहे’ म्हणतो. दोन्ही मराठीच आहेत.

तिसरी घंटा

झांज यांच्याशी सहमत. मला ‘परीक्षक’बद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण नाट्यसंस्था आणि लेखक यांच्या नोंदणीची कागदपत्रं मी अनेक वर्षं करतो आणि या एका शब्दामुळे लोक दबून जातात, हे रोज पाहतो.

आपल्या रंगभूमीवर तपासणीचे दोन मोठे शब्द आधीच गुंतलेले आहेत. ‘परीक्षक’ राज्य नाट्य स्पर्धेला बसतात आणि ‘परीक्षण’ वर्तमानपत्रात छापून येतं. दोन्हीकडे प्रश्न एकच: नाटक चांगलं आहे का? दुसरा शब्द ‘परिनिरीक्षण’. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तिथे प्रश्न वेगळा: हे लोकांसमोर जाऊ द्यावं का? कॉपीराइटच्या टेबलावर या दोन्हींपैकी एकही प्रश्न विचारला जात नाही. संहिता भिकार असो की थोर, शालीन असो की शिवराळ, अधिकाऱ्याने त्यावर मत द्यायचं नसतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०३ साली सर्कशीच्या जाहिरातीच्या चित्रांवरून चाललेल्या खटल्यातच हे सांगून ठेवलं होतं की, कायदा शिकलेल्या माणसांनी कलेची प्रत ठरवायला बसू नये. ही सर्कशीची चित्रं होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना कुणी कला म्हणायला तयार नव्हतं, त्यांनाही नोंदवहीत जागा मिळाली.

मग कुणी म्हणेल ‘पडताळणी’. तोही नको. पडताळणी म्हणजे खरं-खोटं ताडून पाहणं. आलेलं नाटक कुणाच्या जुन्या नाटकावरून उचललं आहे का, हे तिथला तज्ज्ञ शोधत बसत नाही. अर्जात लिहिलेल्या गोष्टी दाखल केलेल्या प्रतीशी विसंगत नसतील आणि सर्वज्ञात माहितीच्या उलट नसतील, तर त्या साधारणपणे मान्य करून पुढे जातात. तो पाहतो ते एवढंच: पाठवलेली वस्तू कायद्याच्या कक्षेत बसते का, तिच्यात लेखकाची स्वतःची थोडी तरी निर्मिती आहे का, आणि अर्ज नीट भरला आहे का. नुसती मेहनत पुरत नाही, हे त्याच न्यायालयाच्या १९९१ च्या टेलिफोन डिरेक्टरीबद्दलच्या निकालाने पक्कं झालं आहे. नुसतं नाव, शीर्षक किंवा छोटा वाक्प्रचारही पुरत नाही. ‘नाटकाचं नाव रजिस्टर करून द्या’ म्हणून माझ्याकडे येणारे पुष्कळ असतात, आणि नावाला कॉपीराइट नाही हे सांगितलं की नाराज होऊन जातात.

या कामाला मराठीत ‘छाननी’ हा नेमका शब्द आहे. निवडणुकीत उमेदवारी अर्जांची छाननी होते, तेव्हा उमेदवार लायक आहे की नालायक हे कुणी ठरवत नाही. अर्ज नियमात बसतो की नाही एवढंच पाहतात. छाननीतून पुढे येते ती ‘त्रुटी’. ‘अर्जात त्रुटी निघाली’, ‘त्रुटींची पूर्तता केली’ ही आपल्या कचेऱ्यांची भाषा आहे, आणि वॉशिंग्टनचे तज्ज्ञ अर्जदाराला जी पत्रं पाठवतात त्यांना ‘त्रुटीपत्र’ हाच शब्द शोभेल. त्या कार्यालयात पूर्वी ‘एक्झामिनर’ म्हणत, आता हुद्दा ‘रजिस्ट्रेशन स्पेशालिस्ट’ असा आहे. म्हणून ‘नोंदणी तज्ज्ञ’ म्हणा आणि कामाचं वर्णन करताना ‘छाननी’ वापरा.

कोर्टफी

‘दावा’बद्दल मी लिहितो. मराठीत दावा लावतात, दाखल करतात, चालवतात, जिंकतात, हरतात. प्रतिवादी नसलेला दावा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतच नाही. कॉपीराइटच्या नोंदणीत समोर कुणी नसतो. अर्जदार म्हणत असतो, ‘ही संहिता मी लिहिली, हक्क माझा.’ आपल्याकडे याला ‘हक्क सांगणे’ म्हणतात. शेतावर हक्क सांगतात, वारसाहक्क सांगतात, तसाच हाही. तेव्हा ‘दाव्यांची तपासणी’ऐवजी ‘हक्कनोंदणीच्या अर्जांची छाननी’ करा.

आणि मुलाखतीत ‘कॉपीराइट मिळाला’ असं वाक्य कुठे येत असेल तर ते तपासा. कृती कागदावर किंवा ध्वनी-चित्रमुद्रणात उतरली की हक्क तिथेच जन्मतो, कार्यालय फक्त नोंद घेतं. आपल्या कॉपीराइट कायद्याचं ४८ वं कलम त्या नोंदीला प्रथमदर्शनी पुरावा मानतं. सातबाऱ्याचं हेच आहे: जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. फेरफाराला जशी हरकत घेता येते, तशी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातही अर्जानंतर ३० दिवस हरकतीसाठी थांबतात आणि मग अर्ज छाननीला जातो. वॉशिंग्टनला हरकतीचा असा टप्पा नाही. तिथे नोंदीला वजन दुसऱ्या कारणाने आहे. अमेरिकी कृतीचा हक्क कुणी डावलला, तर कोर्टात जाण्याआधी कार्यालयाने नोंदणी केलेली किंवा नाकारलेली असावी लागते. नुसता अर्ज टाकून भागत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आपल्याकडे ती सक्ती नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तसं निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या बाईंच्या टेबलावर अर्ज अडकला, तर तिकडचा खटलाच अडकतो. हे वाचकाला कळलं पाहिजे, नाहीतर ‘छाननी’ म्हणजे कारकुनी असा समज होईल.

तिसरी घंटा

हे फार बरं झालं, कोर्टफी. आता ‘प्रयोगीय कला’.

इथे मराठीकडे आयता शब्द आहे आणि त्यातच धोका आहे. ‘प्रयोग’ म्हणजे रात्री साडेआठला पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत जे घडतं ते. ‘शिवाजी मंदिरला प्रयोग आहे’, ‘शंभरावा प्रयोग’. पण या बाईंच्या विभागात प्रयोगाची नोंद होत नाही, प्रयोग ज्याचा होतो त्याची होते: संहिता, पदं, स्वररचना, नृत्यरचना, चित्रपटसुद्धा. नटाने त्या रात्री काय केलं, हा त्या वर्गाचा विषय नाही. आपल्या कायद्यातही कलावंताचा हक्क वेगळा सांगितला आहे, ३८ व्या कलमात, आणि त्याची मुदत ५० वर्षं आहे. लेखकाच्या हक्काची मुदत त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्या कलावंतांच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्या रांगेत डोंबारी, जादूगार आणि गारुडीही आहेत. ती यादी मला मनापासून आवडते.

म्हणून ‘प्रयोगकला’पेक्षा ‘प्रयोगकृती’ म्हणावं असं मी सुचवेन. प्रयोगासाठी केलेली कृती, म्हणजे प्रयोगकृती. नवा शब्द आहे, पण ‘कलाकृती’, ‘साहित्यकृती’ या ओळीत सहज बसतो आणि प्रयोग व कृती यांची गल्लत होऊ देत नाही. ‘सादरीकरण’ मला इथे नको, आता ऑफिसातलं पॉवरपॉइंटही सादरीकरणच झालं आहे.

नृत्याच्या बाबतीतही तसंच. श्रेयनामावलीत ‘नृत्यदिग्दर्शन’ येतं, पण ते काम झालं, वस्तू नव्हे. नोंद होते ती ‘नृत्यरचना’. अमेरिकेत १९५२ साली नृत्यरचनाकार हान्या होम यांची ब्रॉडवेवरची नृत्यं लॅबनोटेशन नावाच्या लिपीत लिहून दाखल झाली आणि त्यांची नोंद झाली. नृत्यरचना आणि मूकाभिनय यांना कायद्यात स्वतःच्या नावाने जागा मात्र १९७६ च्या कायद्यानेच मिळाली, तो १ जानेवारी १९७८ ला लागू झाला. आजही सुटी पावलं, लोकनृत्यातल्या ठरीव चाली, लग्नात सगळे करतात ते नाच नोंदवता येत नाहीत. भरतनाट्यमचा एकेक अडवू, म्हणजे मूळ पदन्यास, कुणाचाच नाही, पण अडवूंची गुंफण करून बसवलेली सलग रचना कुणाची तरी असू शकते. योगासनांच्या क्रमालाही नृत्यरचना म्हणून जागा मिळालेली नाही.

मुखडा

मी हार्मोनियम वाजवतो, म्हणून विचारतो. जुन्या पदाला मी नवे शब्द लिहिले, तर अर्जात ‘गाणं’ लिहायचं की काय? आपल्याकडे ‘गाणं’ या एका शब्दात शब्द, चाल, गायन, रेकॉर्ड सगळं येतं.

तिसरी घंटा

मुखडा, त्या विभागात सगळ्यात जास्त त्रुटी इथेच निघत असाव्यात, असं माझ्या अनुभवावरून वाटतं. ‘गाणं’ हा शब्द अर्जात चालत नाही. शब्दांना ‘गीत’, सुरांना ‘स्वररचना’ आणि रेकॉर्डिंगला ‘ध्वनिमुद्रण’ असे तीन वेगळे शब्द मुलाखतीत पहिल्यापासून पाळायला हवेत. आपल्या कायद्यात तर संगीतकृतीच्या व्याख्येतूनच शब्द बाहेर ठेवले आहेत. १९९४ पर्यंत ती कृती कागदावर उतरलेलीही असावी लागे. बंदिशी तोंडीच शिकवल्या जाणाऱ्या देशात अशी व्याख्या इतकी वर्षं टिकली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नुसतं ‘गीत’ लिहायचं, आणि चाल आधीची आहे हे वेगळ्या रकान्यात सांगून ती आपल्या हक्कातून वगळायची. तिकडच्या अर्जात त्यासाठी खास रकाना आहे. मी त्याला ‘हक्काची मर्यादा’ म्हणतो. जुन्या संगीत नाटकांचं छापील पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि पुढे ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द दिलेले दिसतील. शब्द माझे, चाल अमक्या पदाची, असं नाटककार उघडपणे छापत असत. त्या मर्यादेला ‘चाल’ची ओळ असं म्हटलं तर मराठी वाचकाला ती तेव्हाच कळेल. राग आणि ताल मात्र कुणाच्याच हक्कात येत नाहीत.

मांडवीकाठ

गोव्याकडून एक भर. तियात्रात, म्हणजे आमच्या कोकणी नाट्यप्रकारात, प्रवेशांच्या मध्ये कांतारां (गाणी) गातात आणि त्यातली बरीचशी कथानकाशी संबंध नसलेली, स्वतंत्र असतात. लिहिणारा गायक आणि तियात्राचा लेखक वेगळे असू शकतात. ‘अख्ख्या तियात्राचा हक्क’ असं लिहिलं तर कांतारांचं काय, हा प्रश्न येतोच. प्रयोगकृती एक, पण तिच्यातले हक्कदार अनेक, हेही तुमच्या मुलाखतीत दिसू द्या.

शाईदौत

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं झालं आहे: ‘त्या कॉपीराइट कार्यालयात वरिष्ठ नोंदणी तज्ज्ञ आहेत. नाटक, संगीत, नृत्य, चित्रपट अशा प्रयोगकृतींवर हक्क सांगणाऱ्या अर्जांची त्या छाननी करतात.’ आईला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, ‘नाटक लिहून काढलेलंच नसेल तर?’ आणि मी अडले. मूळ मुलाखतीत तिथेच ‘फिक्सेशन’ आणि ‘डिपॉझिट’ आहे. ‘स्थिरीकरण’ आणि ‘ठेव’ लिहवत नाही.

तिसरी घंटा

‘ठेव’ नकोच, लोक व्याजदर विचारतील. ‘दाखल प्रत’ म्हणा. छाननी त्या प्रतीचीच होते. प्रतीत जे नाही, त्यावर हक्क सांगता येत नाही.

‘फिक्सेशन’साठी आपल्याकडे ‘बद्ध’ आहे: लिपिबद्ध, स्वरलिपीबद्ध. त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रित आणि चित्रमुद्रित. सगळ्यांसाठी एकच शब्द हवा तर ‘मूर्त रूपात उतरलेली कृती’. आईंचा प्रश्न तमाशाला नेमका लागू पडतो. वग लिहिलेला असतो, पण बतावणीत सोंगाड्या जे आयत्या वेळी बोलतो ते कुठेच उतरलेलं नसतं आणि त्या फडाची खरी कमाई पुष्कळदा तीच असते. ती नोंदवायची असेल तर फडाने त्या रात्रीचं चित्रमुद्रण करून तेच दाखल प्रत म्हणून द्यावं. बोललेले शब्द सोंगाड्याचे असतील, तर लेखक म्हणून त्याचं नाव अर्जात लिहावं. फडमालकाचं नाव तिथे लिहायचं नाही. त्याच्याकडे हक्क आले असतील तर ते कोणत्या कराराने आले, हे वेगळ्या रकान्यात येतं.