मदत हवी आहे: फोमची काठी आणल्यापासून पोरं फरी वर उचलतच नाहीत

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एका तालमीत संध्याकाळी मी मुलांना लाठी आणि फरी-गदगा (फरी म्हणजे छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडं मढवलेली काठी) शिकवतो. वस्ताद सत्तरीला आलेत, ते बसून पवित्रे बघतात, घाम आम्ही गाळतो.

दिवाळीच्या सुट्टीत चौदा वर्षांच्या एका पोराची करंगळी मोडली. पालक भडकले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. म्हणून मी पीव्हीसी पाइपला फोम गुंडाळून आठ काठ्या केल्या आणि क्रिकेटची हेल्मेटं जमवली. पहिला आठवडा नुसती धमाल. मागे राहणारी पोरंसुद्धा पुढे यायला लागली, हा फायदा मान्यच करायला हवा.

पण आता दोन महिन्यांनी बघतोय तर कुणी फरी वर घेत नाही. समोरासमोर उभं राहायचं, दोघांनी एकदमच हाणायचं आणि "माझी आधी लागली" म्हणून भांडायचं! काठी इतकी हलकी की मनगट झटकलं तरी लागते, मग पाय हलवतो कोण? परवा जुना चामड्याचा गदगा हातात दिला, तर त्याच झोकात एकाने दुसऱ्याच्या कोपरावर हाणला. आपला वार किती जोराचा आहे याचा अंदाजच गेलाय.

वस्ताद म्हणाले, "चामडं समोरच्याचं हाड वाचवायला असतंय, तुझी अक्कल वाचवायला न्हाई."

फोम बंद करू का? की वजन वाढवू? जाणकारांनी सांगावं.

बांबूवाला:
दादा, मी पुण्यात काही वर्षं केंडो (जपानी तलवारबाजी) केलंय. तिथली शिनाई म्हणजे बांबूच्या चार पट्ट्यांची तलवार. अठराव्या शतकात जपानमध्ये मुखवटा, छातीचं कवच आणि हातमोजे आले, तेव्हा कुठे पूर्ण जोराने वार करणं शक्य झालं. पण जिथे कवच तिथेच गुण: डोकं, मनगट, बरगडी, गळा. पायाला गुण नाही, म्हणून केंडोवाला पाय राखायला शिकतच नाही. नागिनाता म्हणजे लांब दांड्याला पातं लावलेलं जपानी शस्त्र, ते जास्त करून बायकाच खेळतात. त्या सामन्यात नडगीला कवच असतं आणि तिथे गुणही मिळतो, त्यामुळे त्या बायका पाय बरोबर मागे घेतात.

तुमचा इलाज नियमांत आहे. केंडोत दोघांचे वार एकदम बसले तर गुण कुणालाच नाही. शिवाय वार केल्यावर सावध राहिला नाहीत तर लागलेला वारही धरत नाहीत. एवढ्या दोन गोष्टी लावून बघा. आणि जड लाकडी तलवारीने ठरलेले वार-प्रतिवार वेगळे घोटतात, तसा तुमचा गदगा रोज अर्धा तास ठेवा, पण ठरवून.

आणि हो, क्रिकेटचं हेल्मेट मान झाकत नाही, तेवढं बघा.

गेरूवाले काका:
आमच्याकडे बोथाटीच्या (सरावाच्या भाल्याच्या) टोकाला कापडाचा गोळा असायचा, तो रंगात बुडवायचे. कुठे लागलं ते अंगरख्यावर दिसायचं, भांडण संपलं. तुमच्या फोमला फडकं बांधा, गेरू लावा. आया शिव्या देतील, ती तयारी ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आज "दोघांना लागलं की दोघांनी वीस बैठका" असा नियम लावला. पहिल्या पंधरा मिनिटांत बहुतेक सगळ्यांनी शंभरेक बैठका मारल्या, मग हळूहळू फऱ्या वर यायला लागल्या. गेरू उद्या आणतो. बांबूवाले, एक राहिलंच: फोमच्या काठीत वजन भरायचं तर पाइपात वाळू भरू की आत वेत घालू? वाळू टोकाकडे सरकून तोल बिघडेल अशी भीती वाटते. आणि करंगळी मोडलेला पोरगा सोमवारपासून येतोय, त्याला हॉकीचे मोजे चालतील का?