ग्रामीण रस्त्यांचा निधी तालुक्यांत वाटताना लोकसंख्या धरावी की रस्त्यांची लांबी?

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, वसमत तालुका)

जिल्हा नियोजन समितीकडून जिल्हा परिषदेला ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्गांसाठी जो निधी मिळतो, तो तालुक्यांत वाटण्याचा न्याय्य निकष कोणता असावा? आमच्याकडे काळी जमीन, त्यात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या. त्यामुळे नव्याने डांबर टाकलेला रस्ताही दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. माळरानावरच्या तालुक्याला किलोमीटरमागे तेवढीच रक्कम मिळावी, हे पटत नाही.

उत्तर १ (निवृत्त शाखा अभियंता, परभणी)

आधी लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात निधी कोणत्या सदराखाली येतो, ते तपासावे. 3054 मधून देखभाल-दुरुस्ती होते, तर 5054 हा भांडवली खर्च आहे. या दोन्हींना एकच निकष लावणे चुकीचे ठरेल. नव्या जोडरस्त्यासाठी लोकसंख्या पाहणे रास्त आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही सपाट भागासाठी 2001 च्या जनगणनेप्रमाणे 500 लोकवस्तीचीच अट होती. दुरुस्तीसाठी मात्र लांबी, माती आणि वाहतूक पाहावी लागते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे आधी साइडपट्टी सुटते व मग डांबराची कड तुटत आत येते. तेथे मुरुमाचा पुरेसा थर, दोन्ही बाजूंचे चर आणि मोऱ्या यांवरच खरा खर्च होतो. अंदाजपत्रकाला कात्री लागली की पहिल्यांदा हीच कामे गळतात.

उत्तर २ (माजी जिल्हा परिषद सदस्य, बीड जिल्हा)

अभियंत्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, परंतु सभागृहात माती कोणी विचारत नाही. आमच्या वेळी प्रत्येक गटाला (सदस्याच्या मतदारसंघाला) समान रक्कम देऊन वाद मिटवला जाई आणि त्यातून रस्त्यांचे दोन-दोनशे मीटरचे तुकडे होत. प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या 1984 च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष (मागे राहिलेली तूट) मोजताना जिल्हा हे एकक धरले होते. मराठवाड्याचा वाटा मागताना ते उपयोगी पडले, पण जिल्ह्याच्या आतली विषमता त्या आकड्यांत दिसत नाही, आणि तिच्याविषयी आपणही सोयीस्करपणे गप्प राहतो.

प्रश्नकर्ता

मग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने दुरुस्ती करावी का?

उत्तर १

त्या अनुदानाचा 60 टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बंधित (फक्त त्याच कामांसाठी राखीव) होता. उरलेल्यातून गावातील अंतर्गत रस्ता होईल, ट्रॉल्यांचा नाही. तो रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून दर्जोन्नत करून सार्वजनिक बांधकाम विभागाकडे देण्याचा ठराव मांडावा, आणि सोबत हंगामातील वाहनांची मोजणी जोडावी.